मेल्याचा वाटा

मनुष्य मेल्यावर त्याच्याविषयी चांगले बोलावे असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु त्याच्याविषयी खरे काय ते जाणून घ्यावयाचे असेल तर शोकसभेस न जाता त्याच्या मृत्युपत्राची नक्कल मिळवावी, हे ज्ञान मला फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या पेढीवर ३४ वर्षे नकला उतरवून प्राप्त झाले आहे. शोकसभेत ज्यास अजातशत्रू म्हटले तो इसम सातव्या कलमात सख्ख्या भावास ‘रुपया एक फक्त’ ठेवून गेल्याचे, आणि ज्याच्या औदार्याचे पोवाडे गाइले त्याने घरगड्याच्या नावापुढे आकडा लिहून, खोडून, निम्मा केल्याचे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. मृत्युपत्र हा एकच असा लेख आहे की जो लिहिताना मनुष्यास उत्तराची भीती नसते.

निवृत्तीनंतर हे ज्ञान अडगळीत पडले. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मृत्युपत्र करण्याइतकी मालमत्ता बहुतेकांपाशी नाही, आणि ज्या एकदोघांपाशी आहे त्यांनी न मरण्याचा निश्चय केलेला दिसतो. अशा स्थितीत गेल्या पौषात माझ्या पुतण्याचे पत्र आले. हा पुतण्या स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीन येथे समुद्राच्या पोटातून तेल उपसणाऱ्या एका कंपनीत आहे. म्हणजे तेथे तो नेमके काय करतो हे त्याच्या आईसही सांगता येत नाही. त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात, त्यांच्या घराण्यातला कोणी पुरुष कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबईच्या एका व्यापारी पेढीवर कारकून होता व येथेच मयत झाला, त्याचा माग काढण्यास ते येत आहेत, ‘तरी काका, तुम्हांस जुन्या कागदांची आवड आहेच, तेव्हा मदत करावी’ असा पत्राचा मथितार्थ होता. ‘आवड’ हा शब्द ऐकताच आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणाले, “आवड कसली! नोकरी होती ती. नाहीतर घरचं विजेचं बिल तरी सापडलं असतं वेळेवर.”

पाहुणे आले ते तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा कपाळ आपटून घेऊनच आले, कारण आमच्या जिन्याची उंची ज्या मनुष्यजातीस प्रमाण मानून ठरविली गेली तीत स्कॉच लोकांचा अंतर्भाव नसावा. वय सत्तरीच्या पुढे, भिवया पांढऱ्या आणि दाट, आणि बगलेत एक दप्तर. ते त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर उलगडले तेव्हा त्यातला वंशवृक्ष कपाटापासून उंबरठ्यापर्यंत पसरून शेवटच्या दोन पिढ्या गॅलरीत गेल्या, आणि शेजारच्या बिऱ्हाडातून येणाऱ्याजाणाऱ्यास अठराव्या शतकावरून उडी मारून जावे लागले. त्या पटावर खापरपणजोबाच्या सासूच्या बहिणीचे लग्न कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या वारी लागले इथपर्यंत सारे बयाजवार नमूद होते. मी थक्क होऊन पाहत असता गृहस्थांनी सौजन्याने विचारले, “आणि आपले घराणे?”

मी ताठ बसून श्राद्धात म्हणतो त्याप्रमाणे पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे म्हटली, आणि थांबलो. त्यापुढे मला काही येत नव्हते. आमच्या धर्मशास्त्राने पिंडाचे अधिकारी तिघेच ठेवले असल्यामुळे चौथ्यास ओळखण्याचे मला कधी कारणच पडले नव्हते. आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे अशी सोय शास्त्रकारांनीच करून ठेवली असल्यामुळे, अज्ञान हा आमच्याकडे विधीचाच एक भाग झाला आहे. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चष्मा पुसला.

मग त्यांनी मला त्यांच्या देशाचा वारसाहक्क समजावून दिला, आणि तो ऐकताना प्रथमच माझ्या जुन्या विद्येस पालवी फुटली. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात जमीन मृत्युपत्राने देता येत नसे; ती आपोआप थोरल्या मुलाकडे जाई, आणि ही अडचण १८६८ पर्यंत कायम होती. मृत्युपत्र चाले ते फक्त जंगम चीजवस्तूवर, आणि तेही सगळ्या नव्हे. मयताच्या पश्चात बायको व मुले दोन्ही असतील तर जंगमाचे तीन भाग पडत: एक बायकोचा, एक मुलांचा, आणि उरलेला तिसरा, ज्याची वासलात लावण्यास मरणारा मुखत्यार असे, त्या भागास ते लोक सरळ ‘मेल्याचा वाटा’ म्हणत. मी हे मोठ्याने भाषांतर करून सांगत असता कुटुंब चहा घेऊन येत होते. “मेल्याला कसला आलाय वाटा?” असे त्यांनी विचारले, आणि त्या स्वरावरून हा प्रश्न स्कॉटलंडपुरता मर्यादित नसावा असा मला संशय आला.

वस्तुतः आमच्याकडेही याहून वेगळे काही नव्हते. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित इस्टेटीवर मुलाचा हक्क जन्मतःच लागू होतो, तेव्हा बापाने मरताना द्यावयाचे म्हणून काही उरतच नसे. आणि मुंबई इलाख्यात ज्याचा मान विशेष त्या नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखातही मृत्युपत्र नावाचा स्वतंत्र किरण चमकताना दिसत नाही. ते आम्ही साहेबाकडून शिकलो. मुंबईत मेयरचे कोर्ट १७२६ च्या सनदेने आले, पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डरचे, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ मध्ये हायकोर्ट. या कोर्टांच्या सावलीत शेटसावकारांनी मरणोत्तर हुकूम सोडण्याची कला हस्तगत केली, आणि १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदाच झाला. तोपर्यंत आमच्या पूर्वजांचा परलोकास जाण्याचा रस्ता बिनकागदाचा होता. आणि चौथ्या पूर्वजाशी माझी गाठ पडत नाही याचे कारणही हेच.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांस मी टाउन हॉलवर नेले, कारण मुंबईतल्या स्कॉच व्यापाऱ्यांचा माग काढणाऱ्याने आधी तेथे जाऊन सर चार्ल्स फोर्ब्ज यांस भेटावे हा शिरस्ता योग्य होय. एशियाटिक सोसायटीच्या त्या पायऱ्या चढून वर गेले की एल्फिन्स्टन, माल्कम अशा गव्हर्नरांच्या पंक्तीस हा एक व्यापारी संगमरवरात उभा आहे. पुतळा चँट्रीने घडविलेला. फोर्ब्ज मुंबई सोडून गेल्यावर २७ वर्षांनी येथल्या लोकांनी ९,००० पौंड वर्गणी जमवून हा करविला. आणि जो ना मुलकी अंमलदार, ना लष्करी, अशा माणसाचा पुतळा एतद्देशीयांनी उभारण्याचा हा पहिलाच प्रसंग, अशी त्याची नोंद आहे. ज्यास मुलगे विलायतेस गेल्यावर दोन वर्षांत विसरतात त्या आमच्या शहराने एका पेढीवाल्यास २७ वर्षे लक्षात ठेवावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. जवळच आमचे गिरगावचे नाना शंकरशेटही संगमरवरी बसले आहेत. त्यांस मी सवयीने नमस्कार केला.

या फोर्ब्ज घराण्याची कथा गृहस्थांनी तेथेच, त्या पुतळ्यासमोर उभे राहून सांगितली, आणि ती ऐकता ऐकता मला आपण अ‍ॅबर्डीनशायरचा नव्हे, राजापूर तालुक्याचा वृत्तांत ऐकत आहो असा भास होऊ लागला. स्ट्रॅथडॉन नावाचे एक डोंगराळ खोरे. जमीन खडकाळ, पोरे फार, उत्पन्न थोडे. तेथल्या बेलाबेग या ठिकाणचा जॉन फोर्ब्ज नावाचा मुलगा, जन्म १७४३, वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७६४ मध्ये, मुंबईस आला. तीन वर्षांत, म्हणजे १७६७ मध्ये, त्याने पेढी घातली. कापसाच्या व्यापारात पैसा केला. आणि गावाकडच्या लोकांनी त्याचे नाव ‘मुंबईचा जॉक’ असे ठेवले. पुढे परत जाऊन त्याने न्यू या गावची घराण्याच्या हातून गेलेली जमीन पुन्हा विकत घेतली व आसपासही बरीच जोडली. लग्न केले नाही. पेढी पुतण्याने, म्हणजे याच सर चार्ल्सनी, चालविली. आता हा मनुष्य चाकरमानी नव्हे तर कोण? मुंबईस यावे, खानावळीत जेवावे, गावाकडे पैसे पाठवावे, घराचे कौल बदलावे, भावकीने गिळलेला वरकस सोडवावा, आणि गावाने आपणांस ‘मुंबईकर’ म्हणून हाक मारावी, यापलीकडे आमच्या कोकणातल्या तीन पिढ्यांनी तरी दुसरे काय केले? फरक एवढाच की आमच्या माणसांनी मनिऑर्डरी पाठविल्या, आणि जॉकच्या पेढीने १८०३ च्या युद्धात खुद्द कंपनी सरकारास कर्जाऊ रकमा पुरविल्या, त्या युद्धात ज्यांचा पराभव झाला ते दुर्दैवाने आमचेच सरदार होते. साहेबाच्या तोफेमागे साहेबाचा सावकार उभा होता, हे शाळेत कोणी शिकविले नाही.

माग काढण्यातली पहिली अडचणही अगदी ओळखीची निघाली. स्ट्रॅथडॉनच्या खोऱ्यात दगड मारला तर तो फोर्ब्जलाच लागावा इतके ते आडनाव बोकाळलेले, म्हणून जो तो आपापल्या वाडीवरून ओळखला जाई: बेलाबेगचा फोर्ब्ज, न्यूचा फोर्ब्ज, स्केलेटरचा फोर्ब्ज. आमच्या चाळीत चार जोशी आहेत; ते नळाजवळचे, जिन्याजवळचे, तबलेवाले आणि दुसऱ्या मजल्यावरून भांडून वर आलेले असे ओळखले जातात, त्यातलाच हा प्रकार. त्यात पुन्हा थोरल्या मुलास बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्यास आईच्या बापाचे, असा त्यांचाही रिवाज. त्यामुळे जॉनचा जॉर्ज व जॉर्जचा जॉन अशी रहाटमाळ दोनशे वर्षे फिरत राहते. आमच्याकडे गणेशाचा विष्णू आणि विष्णूचा गणेश. संशोधकास छळण्याच्या कामी दोन्ही संस्कृती समसमान प्रगत आहेत.

पण मला मनापासून आवडले ते १८३३ चे प्रकरण. पिट्स्लिगोचे लॉर्ड म्हणून फोर्ब्जांचीच एक वडील शाखा होती. तिच्या चौथ्या लॉर्डने १७४५ च्या बंडात राजाविरुद्ध तलवार उपसली, आणि पराभवानंतर स्वतःच्याच मुलखात भिकाऱ्याच्या वेषाने, गुहांत लपून दिवस काढले. किताब गेला, जमीन गेली, मुलगाही निपुत्रिक वारला. आमच्या सर चार्ल्सना बॅरोनेट होऊन दहा वर्षे झाली होती, पैशास तोटा नव्हता. तरी त्यांनी अ‍ॅबर्डीन येथे पंच बसवून, त्यांच्यापुढे पिढ्यांची रुजुवात घालून, पिट्स्लिगोच्या तिसऱ्या लॉर्डचा सर्वांत निकटचा पुरुष वारस आपणच असा निवाडा मिळविला, आणि त्या घराण्याची चिन्हे लावण्याची परवानगीही मिळविली. हे ऐकून मला पेशवाईतली गोतसभा आठवली. वतनाचा कज्जा उभा राहिला की पांढरीचे लोक जमावेत, म्हाताऱ्यांनी स्मरून साक्ष द्यावी, महजर व्हावा, आणि त्यावर गावकऱ्यांनी आपापल्या निशाण्या कराव्यात. कोणाचा नांगर, कोणाची वहाण, कोणाचा आरसा. अ‍ॅबर्डीनच्या पंचांनी नांगराची निशाणी केली नसेल, पण काम तेच. आणि दोन्हीकडे तात्पर्यही तेच की कागद वारसाच्या मागे धावत नाही, तो इस्टेटीच्या मागे धावतो. ज्याच्यामागे काही उरले त्याच्या पिढ्या लिहिल्या गेल्या; ज्याच्यामागे नुसती माणसेच उरली त्याची नोंद ठेवण्याची तसदी कोणत्या कारकुनाने का घ्यावी?

सर चार्ल्सविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८४९ मध्ये ते वारले. त्यापूर्वीच्या त्यांच्या अगदी शेवटच्या कृत्यांपैकी एक म्हणजे मुंबईच्या लोकांस बारमाही, निर्मळ पाणी मिळावे म्हणून त्यांनी मोठी थोरली रक्कम काढून ठेवली. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात यावयास १८६० उजाडले. तोवर गिरगाव विहिरींवर जगत होते. हे ऐकून घरी आलो आणि हात धुण्यास मोरीत गेलो तो भिंतीवरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावर दृष्टी गेली. त्यावर ‘युरेका फोर्ब्ज’ अशी अक्षरे होती. मुंबईच्या जॉकने घातलेली पेढी नाना हातांतून फिरत २०० वर्षांहून अधिक टिकली, तिने १९८२ मध्ये एका स्वीडिश कंपनीशी भागी करून हे नवे घर मांडले, आणि ज्या नावाच्या पुतळ्यास आमचे पूर्वज पाण्यासाठी दुवा देत ते नाव टाय बांधलेल्या विक्रेत्यांच्या तोंडून पुन्हा दारोदार पाण्याचीच गोष्ट बोलू लागले. गृहस्थांस मी ते यंत्र दाखविले. ते त्याच्यासमोर टाउन हॉलइतक्याच आदराने क्षणभर उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला खरा कागद बाहेर काढला. कंपनी सरकार ही मूळची व्यापारी जात. तिचा नोकर किंवा आश्रित मेला की त्याचे मृत्युपत्र, मिळकतीची यादी आणि लिलावाचा हिशेब यांच्या नकला होऊन त्या दरसाल विलायतेस रवाना होत, आणि म्हणून मुंबईत मेलेल्या मनुष्याचे चरित्र आज लंडनमध्ये वाचावयास मिळते. मुंबईच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी तेथे १७०९ पासून लागलेल्या आहेत. नक्कल करणाऱ्या त्या अनाम कारकुनाचे अक्षर पाहून माझ्या पोटात कालवले. पंधराव्या ओळीत त्याने एक शब्द दोनदा लिहिला होता, आणि ही चूक नेमकी जेवणाच्या सुट्टीनंतर होते हे मी अनुभवाने सांगू शकतो.

यादी मी गॅलरीत बसून मोठ्याने वाचली. सदरे अकरा, पैकी फाटके चार. मच्छरदाणी एक. मदिरा दारूच्या बाटल्या भरलेल्या सात, रिकाम्या तेहतीस. छत्री एक. बायबल एक. पिस्तुलाची जोडी, पैकी एक नादुरुस्त. खुर्च्या तीन. लिलावात हे सारे त्याच्याच पेढीवरच्या सोबत्यांनी विकत घेतले. फाटक्या सदऱ्यांनाही गिऱ्हाईक मिळाले. रिकाम्या बाटल्यांवरून चढाओढ झालेली दिसत होती. चाळीतले चारही जोशी तेथे जमले होते. एवढी यादी ऐकून तो मनुष्य त्यांस इतका परिचित झाला की, “पण एकट्याला खुर्च्या तीन कशाला?” असा प्रश्न नळाजवळच्यांनी केला.

त्या प्रश्नाचे उत्तर मृत्युपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात होते. ‘माझ्या घरी राहत असलेल्या स्त्रीस रुपये दोनशे आणि स्वयंपाकघरातील तांब्याची भांडी द्यावीत, आणि तिच्यापासून मला झालेल्या मुलीस, ती सहा वर्षांची होताच, जहाजाने माझ्या भावाकडे पाठवावे.’ बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्या मुलीचे नाव होते, बापाचे नाव होते, पाद्र्याची सही होती. आईचे नाव कोठेही नव्हते. अशा नोंदी त्या दप्तरात पुष्कळ आहेत. एक ‘नेटिव स्त्री’, आणि पुढे कोरे.

गृहस्थ त्या मुलीचे वंशज होते. “त्याचे नाव मला घरी बसूनच ठाऊक होते,” ते म्हणाले, “मी आलो तो तिच्या नावासाठी. ते येथेही मिळणार नाही हे मला समजत होते. तरी यावेसे वाटले.”

कोणी काही बोलले नाही. चाळीत इतकी शांतता सहसा क्रिकेटच्या शेवटच्या षटकास असते. मग आमचे कुटुंब आत गेले, आणि आतून येताना बशीत एकाऐवजी दोन लाडू घेऊन आले. “म्हणजे हे पाहुणे नव्हेत,” कुटुंब म्हणाले, “हे माहेरी आलेत.” आणि ज्या गृहस्थांस तीन दिवस आमच्या घरी ‘ते साहेब’ म्हणत होते त्यांस कुटुंबाने जाताना ‘या हं भाऊ पुन्हा’ असे शुद्ध मराठीत सांगितले. मी ‘माहेर’ या शब्दाचे भाषांतर करण्याचा प्रयत्न केला; त्यांनी हाताने थांबविले.

ते गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. वास्तविक स्त्रियांच्या नावाच्या बाबतीत या स्कॉच लोकांचे वर्तन आमच्याहून बरे आहे. त्यांच्याकडे लग्न झाले तरी दप्तरात आणि पुष्कळदा थडग्यावरही बाईचे माहेरचे आडनाव कायम राहते. ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर उभे आहे ते डॉक्टर जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या पत्नी मार्गरेट यांनी येथे मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांनी येथेच देह ठेवला. पण त्या मूळच्या बेन घराण्यातल्या हे आजही कोणासही सांगता येते. आणि माझी आजी? तिचे नाव मला पाठ होते, कारण श्राद्धात मी ते ‘पितामही’ म्हणून उच्चारीत असे. परंतु ते आमच्या घराण्याने तिला दिलेले नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव रेखले, तांदूळ हलवले, आणि बारा वर्षे ज्या नावाने तिला हाक मारली ते नाव त्या ताटातल्या अक्षरांसारखेच मोडून गेले. ते काय होते?

मी तजविजीस लागलो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे लिहिले. त्यांच्या वहीत आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या निघाल्या, प्रत्येकाच्या स्वहस्ताक्षरात, आणि माझा अडलेला चौथा पूर्वज तेथे ‘मुक्काम मुंबई, हल्ली प्लेगमुळे गावी’ अशी सही करून बसलेला सापडला. पण आजीविषयी ‘सहकुटुंब’ एवढाच शब्द. आमच्या कुलवृत्तांतात पुरुषांच्या नोकऱ्या, बढत्या आणि मूळव्याधी यांस पाने दिली आहेत, आणि लग्न होऊन आलेल्या बायकांस कंसात जागा. कागदांचे एक पुडके माळ्यावर होते. ते मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे आमच्या घरातले शेवटचे गृहस्थ १९६१ मध्ये निवर्तले. एकूण आमचे दप्तर अक्षरशः मोडीत निघाले होते.

तेव्हा कुटुंब म्हणाले, “कागदात काय शोधताय? बायकांची नावं भांड्यांवर असतात.”

ही गोष्ट ३४ वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्यास सुचू नये याची मला लाज वाटली. आमच्याकडे भांड्यास नाव घातल्याशिवाय ते घरातले होत नाही. कासार ठोके देत देत अक्षर उमटवितो, आणि देणाराचे, घेणारीचे नाव आणि कधी शकही त्यावर राहतो; गिरगावातल्या कोणत्याही फडताळात एका पिढीचे मुंज, लग्न आणि डोहाळजेवण यांचे संपूर्ण दप्तर चकचकीत करून पालथे घातलेले असते. दुर्दैव असे की १९६५ च्या सुमारास स्टीलची लाट आली, तेव्हा आमच्या मातोश्रींनी पितळ आणि तांबे मिळून निम्मे दप्तर तांबाकाट्यावर मोडीस घातले, व उरलेले बोहारणीच्या हाती दिले. त्या दप्तराच्या बदल्यात आलेला एक स्टीलचा डबा अजून आहे. त्यावर कोणाचेही नाव नाही.

एक वस्तू मात्र वाचली होती. मोरीतल्या पिंपातून पाणी घेण्यासाठी जो तांब्या आम्ही वापरतो तो आजीच्या लग्नातला, असे मातोश्री म्हणत असत. तो मी उजेडात आणला, उन्हाकडे तिरका धरला, आणि थडग्यावरची झिजलेली अक्षरे वाचण्यास संशोधक करतात त्याप्रमाणे चिमूटभर रांगोळी त्याच्या अंगावर चोळून फुंकर मारली. काठाखाली, बोटभर जागेत, ठिपके पांढरे झाले. ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे स्पष्ट. शेवटी ‘हिस मामाकडून शके १८३६’ हेही स्पष्ट. मध्ये जेथे नाव असावयाचे तेथे धातू आरशासारखा गुळगुळीत झाला होता, कारण तांब्या हातात धरला असता घासणाऱ्याचा अंगठा बरोबर त्या जागी येतो. चिंच, मीठ आणि राख घेऊन रोज पहाटे नळ सुटताच आजी तो घाशी. पन्नास वर्षे घाशीत होती. आणि आमच्या घरच्या भांड्यांच्या लखलखीतपणाची साऱ्या फणसवाडीत ख्याती होती. मी भिंग आणले. त्या गुळगुळीत जागेच्या अगदी टोकास ठिपक्यांची एक वक्र रेघ तेवढी उरली होती. ती एक वेलांटी होती, दीर्घ.

मी किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. “पाणी जाईल आता,” कुटुंब मोरीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, “पिंप अर्धं आहे. द्या तो तांब्या.” त्यांच्या दुसऱ्या हातात चिंचेचा गोळा होता. मी तांब्या दिला आणि ती जागा बोटाने दाखविली. त्यांनीही उजेडाकडे तिरका धरून पाहिले. “एवढंच?” त्यांनी विचारले. मी मान हलविली. नळ शेवटचा खाकरा करून बंद पडला, तरी त्या तशाच उभ्या होत्या.

तेव्हापासून आमच्या मोरीतला तांब्या तीन बाजूंनी लखलखतो आणि चौथ्या बाजूस, तीन बोटे रुंद, काळा राहतो. येणाऱ्या बायकांचे लक्ष आधी तेथेच जाते, आणि सुनेच्या हाताखाली सासूबाईंचे वळण गेले असा प्रवाद तिन्ही मजल्यांवर पसरला आहे. आमच्या कुटुंबाने आजवर कोणाचेही एक अक्षर ऐकून घेतलेले नाही. हे मात्र त्यांनी ऐकून घेतले आहे.